चांदीचा वर्ख

दिवाळी जवळ आली की आमच्या टपालाचा रंग पालटतो. टपाल म्हणजे आता बहुतेक मोबाइलवरच येते, पण शब्द जुना बरा वाटतो. एरवी घरमालक, कुकरची शिट्टी आणि मुलांच्या परीक्षा यांविषयी विचारणारे वाचक या दिवसांत एकदम प्रवासी होतात. यंदा ठाण्याच्या एका भगिनींनी जे विचारले आहे त्याने आमची थोडी गाळण उडाली. त्या लिहितात : “आमच्या ह्यांना एका विमान कंपनीच्या रुपेरी दर्जाला अवघी दोन उड्डाणे कमी पडत आहेत. दहा हवीत, आठ झाली. वर्ष संपण्यापूर्वी उरलेली दोन केली नाहीत तर आधीची आठही फुकट जातील, असे ह्यांचे म्हणणे. म्हणून येत्या एका रविवारी सकाळच्या विमानाने गोव्याला जायचे, विमानतळावरच चहा प्यायचा आणि दुपारच्या विमानाने परत यायचे असा बेत ठरला आहे. समुद्र पाहायचाही नाही! जाण्यायेण्याचे नऊ हजार चारशे रुपये होतात. ह्यांना काय सांगू?”

काय सांगायचे ते सांगतोच. पण गोव्याला जाऊन समुद्रही न पाहणारा गृहस्थ वेडा आहे असे मात्र कोणी समजू नये. त्याच्यासारखे लोक जगभर आहेत, आणि त्यांना या वाटेला लावणारी मंडळी फार हुशार आहेत.

आमच्या लहानपणी वाण्याच्या दुकानात सामान आणायला गेले की तो पुडी बांधता बांधता हातावर गुळाचा खडा ठेवी. खडा दमडीचा, पण त्यापायी आम्ही दोन गल्ल्या ओलांडून त्याच दुकानात जात असू. विमान कंपन्यांचे सारे शास्त्र त्या गुळाच्या खड्यातून निघाले आहे. अमेरिकेत १९७८ साली कायदा झाला आणि कोणत्या कंपनीने कुठे उडावे, किती भाडे घ्यावे यावरचे सरकारी नियंत्रण उठू लागले. झाले! सगळ्या कंपन्या एकमेकींची गिऱ्हाइके ओढू लागल्या. विमान सारखेच, खुर्ची सारखीच, हवेतला रस्ताही तोच; मग गिऱ्हाईक बांधून ठेवायचे कसे? १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपली ‘अ‍ॅडव्हांटेज’ योजना काढली. जितके मैल उडाल तितके मैल तुमच्या खात्यात, पुरेसे साठले की एक प्रवास फुकट. तिकिटांच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रात तेच तेच टेलिफोन नंबर पुन्हा पुन्हा कुणाचे येतात ते शोधून कंपनीने आपले पहिले सभासद निवडले. काही दिवसांतच युनायटेडनेही आपली योजना आणली, आणि मग राहिले कोण?

फुकट प्रवासापर्यंत ठीक होते. तो गुळाचा खडाच होता, थोडा मोठा. पण पुढे कुणाच्या तरी ध्यानात आले की माणसाला खाऊपेक्षा मान जास्त गोड लागतो. आणि मग आल्या पायऱ्या : रुपेरी, सोनेरी, प्लॅटिनम. साध्या सभासदाने एका रांगेत उभे राहावे, रुपेरी सभासदाने शेजारच्या. दोन्ही रांगा पोचतात त्याच विमानात.

आता या सगळ्यांतली पहिली पायरी, म्हणजे रुपेरी, हातात काय ठेवते ते पाहू. विमान कंपन्यांनी आपापसांत संघ केले आहेत. त्यांतला ‘स्टार अलायन्स’ हा १९९७ साली पाच कंपन्यांनी मिळून काढलेला संघ. एअर इंडिया त्यात २०१४ च्या जुलैत दाखल झाली. त्यामुळे एअर इंडियाच्या रुपेरी सभासदाला या संघातल्या इतर कंपन्यांकडेही रुपेरी मान आहे. म्हणजे आपला माणूस फ्रँकफुर्टला किंवा सिंगापूरला उतरला की त्याच्यासाठी काय होते? दोन गोष्टी होतात. तिकीट प्रतीक्षायादीत असेल तर यादीत नाव वर सरकते. आणि आयत्या वेळी दुसऱ्या विमानासाठी तिष्ठत उभे राहायचे झाले तर तिष्ठणाऱ्यांत नंबर वर लागतो. एवढेच! विश्रांतीगृह, जादा सामान, लवकर चढणे, सामान लवकर उतरणे हे सगळे पुढच्या पायरीला, सोनेरीला. रुपेरीला सोनेरीची वाट दाखवायची, इतकेच. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण आमच्या आजीने विमान न पाहताच पाठ केली होती.

अन्यायाने बोलू नये म्हणून सांगतो, दुसऱ्या संघांत पहिल्या पायरीला थोडे अधिक मिळते. ‘वनवर्ल्ड’च्या पहिल्या पायरीवाल्याला बिझनेस वर्गाच्या खिडकीवर सामान देता येते. आणि स्वतःच्या कंपनीत तर रुपेरीला काही किलो सामान जास्त, बैठक निवडायला सवलत, पॉइंट थोडे अधिक असे काही ना काही असतेच. पण आधी विमानात चढण्याच्या मानाविषयी मात्र मला बोललेच पाहिजे. आपल्याकडे पुष्कळदा विमान दूर उभे असते आणि तिथवर बस नेते. मानाचा प्रवासी आधी बसमध्ये चढतो, अर्थात आतल्या टोकाला जाऊन उभा राहतो. मागून पन्नास जण चढतात. बस थांबली की दाराशी असलेले उतरतात, आणि आपले मानकरी पालखीतल्या देवासारखे शेवटी खाली येतात. हा देखावा मी अनेकदा पाहिला आहे आणि दर वेळी मला तितकाच आनंद झाला आहे.

विश्रांतीगृहाचे म्हणाल तर तिथे रुपेरी दर्जाच्या आधी बँक पोचली. मध्यंतरी साध्या डेबिट कार्डावर दोन रुपये भरून आत जाता येऊ लागले आणि आत इडली-उपम्यापुढे अशी रांग लागली की बाहेरच्या बाकावर जास्त विश्रांती मिळे. आता बऱ्याच बँकांनी ‘आधी आमच्या कार्डावर इतका खर्च करा’ अशी अट घातली आहे. तो निराळा विषय.

मग हे सारे इतके पोकळ असताना माणसे त्याच्या मागे का लागतात? आमच्या साडूभाऊंची गोष्ट सांगतो. त्यांच्या परवानगीने सांगतो, कारण ती त्यांनी स्वतःच चारचौघांत पुष्कळदा सांगितली आहे.

साडूभाऊ पंचेचाळीस वर्षे रांगेत उभे राहिलेले गृहस्थ. रॉकेलची रांग, दुधाची रांग, टेलिफोन जोडणीची आठ वर्षांची रांग, मुलीच्या कॉलेज प्रवेशाची रांग. निवृत्तीच्या सुमारास कचेरीच्या कामाने चार खेपा झाल्या आणि एका विमान कंपनीने त्यांना रुपेरी कार्ड पाठवले. त्यावर त्यांचे नाव होते, आडनावाच्या स्पेलिंगसह बरोबर. पहिल्यांदा विमानतळावर गेले तेव्हा खिडकीवरच्या मुलीने कार्ड पाहून त्यांना आडनावाने हाक मारली आणि “आमच्यासोबत वारंवार प्रवास करता त्याबद्दल आभार” असे म्हटले. साळी म्हणते, “भाऊजी, त्या दिवसापासून हे घरातही सावकाश चालायला लागले.”

हसू नका. ज्या माणसाला आयुष्यभर खिडकीपलीकडून ‘पुढे व्हा’, ‘उद्या या’, ‘सुट्टे आणा’ एवढेच ऐकायला मिळाले, त्याला कुणी नावाने हाक मारून आभार मानते यात काय गंमत आहे ती पहिल्या वर्गात जन्मलेल्यांना कळायची नाही.

पण निवृत्तीनंतर कचेरीच्या खेपा थांबल्या. कार्ड राखायचे तर उड्डाणे हवीत, आणि ती आता स्वतःच्या खिशातून. त्यातच मुलगी बंगळूरला बाळंत झाली. साळी महिनाभर आधीच तिकडे गेलेली. बारसे ठरले शनिवारी संध्याकाळी. मुंबईहून बंगळूरला सकाळपासून रात्रीपर्यंत थेट विमाने आहेत, पावणेदोन तासांत माणूस पोचतो. परंतु साडूभाऊंनी तिकीट काढले ते आपल्याच कंपनीचे, हैदराबादवरून, मध्ये विमान बदलून. थेटपेक्षा अकराशे रुपये जास्त देऊन. का? तर त्यात एकाऐवजी दोन उड्डाणे मोजली जातात!

मुंबईहून पहिले विमान दोन तास उशिरा सुटले. हैदराबादला उतरेपर्यंत पुढचे निघून गेले. पुढच्या दोन विमानांत जागा नाही. साडूभाऊंनी रुपेरी कार्ड काढून काचेवर ठेवले. खिडकीवरच्या मुलाने ते अदबीने पाहिले, यंत्रात काही टिपले आणि सांगितले, “सर, तुम्ही प्रतीक्षायादीत पहिले आहात.” पहिले! आयुष्यात पहिल्यांदा ते एका रांगेत पहिले होते, आणि ती रांग भरलेल्या विमानाबाहेरची होती. दोन्ही विमाने भरलेली गेली, एकही प्रवासी गळला नाही. नात पाळण्यात घातली गेली तेव्हा आजोबा हैदराबादच्या विमानतळावर मोबाइलच्या पडद्यावर ते पाहत होते, आणि मध्येच सूचना सुरू झाल्यामुळे आत्याने कानात सांगितलेले नाव त्यांना ऐकू आले नाही. रात्री साडेअकराला ते घरी पोचले. घुगऱ्या डब्यात काढून ठेवल्या होत्या.

या प्रकारात कंपनीने काही फसवले असे मी म्हणणार नाही. विमानाला उशीर होतो, जागा भरतात, हे कुणाच्या हातचे नाही. पण सकाळचे थेट विमान घेणारा मनुष्य आणि हैदराबादवरून जाणारा मनुष्य यांच्यातला फरक त्या कार्डाने घडवला होता. अधूनमधून प्रवास करणाऱ्याची खरी श्रीमंती एकच : तो कुणाचा बांधलेला नसतो. ज्याचे विमान सोयीचे, ज्याचे भाडे कमी, त्याचे तिकीट काढावे. रुपेरी कार्ड पहिली गोष्ट घेते ती हीच, आणि तिची किंमत कुठल्याच पावतीवर येत नाही.

आता ठाण्याच्या भगिनींचा हिशेब. त्यांनी पत्रात सगळे आकडे दिले आहेत, त्याबद्दल त्यांना धन्यवाद. असे वाचक मिळायला भाग्य लागते. वर्षाला चार खेपा, दोन नागपूरला आणि दोन मुलाकडे, म्हणजे आठ उड्डाणे. यजमानांना कडेचीच बैठक लागते, तिचे दर वेळी साडेतीनशे द्यावे लागतात. रुपेरी झाल्यावर ते वाचतील असे धरू : आठ गुणिले साडेतीनशे, अठ्ठावीसशे रुपये. सामान पाच किलो जादा मिळेल. परंतु पंधरा किलोंच्या वर त्यांचे सामान एकदाच गेले होते, तेही संत्र्यांमुळे. म्हणजे नऊ हजार चारशे घालून अठ्ठावीसशे मिळवायचे. सहा हजार सहाशे रुपये आणि एक रविवार खर्ची. शिवाय पुढच्या वर्षी खाते पुन्हा शून्यापासून. पुन्हा आठच उड्डाणे होणार, पुन्हा दोन कमी पडणार, पुन्हा गोव्याचा चहा. हे एकदाचे लग्नकार्य नव्हे, दरसालचे श्राद्ध आहे. बाई, यजमानांना सांगा की गोव्याला जायचेच असेल तर दोघे जा, रेल्वेने जा आणि समुद्र पाहा.

हा हिशेब केवळ आपल्याकडचा आहे असेही नाही. आमचा पुतण्या डॅलसला असतो, अमेरिकन एअरलाइन्सच्या अगदी दारात. तिथल्या पहिल्या पायरीला ‘गोल्ड’ म्हणतात. तिकडे सोनेही लवकर मिळते. २०२४ साली त्या गोल्डला चाळीस हजार पॉइंट लागत, आणि साध्या सभासदाला तिकिटाच्या एका डॉलरला पाच पॉइंट मिळत. म्हणजे नुसत्या तिकिटांवर गाठायचे तर आठ हजार डॉलर! गोल्डवाल्याला देशांतर्गत प्रवासात पहिली बॅग फुकट. एरवी तिचे विमानतळावर चाळीस डॉलर पडत. पुतण्या वर्षातून दोनदा उडतो. त्याने कंपनीच्या नावाचे, वर्षाला शंभरेक डॉलर वर्गणीचे एक बँकेचे कार्ड घेतले. त्यावरही पहिली बॅग फुकट आहे. “काका, गोल्ड घेऊन करू काय?” असे तो विचारतो. पुण्याचा मुलगा आहे, हिशेबात चुकणार नाही.

गोल्डची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स नावाच्या एका इंजिनिअरने दुकानात पुडिंगच्या डब्यांवर विमानाच्या मैलांचे बक्षीस पाहिले. पाव डॉलरचा डबा आणि त्यावरचे मैल यांचा त्याने गुणाकार केला, आणि बारा हजार दीडशे डबे विकत घेतले. खर्च सुमारे एकतीसशे चाळीस डॉलर. मैल साडेबारा लाख. लेबले सोलायला माणसे हवीत, म्हणून डबे त्याने धर्मादाय संस्थांना देऊन टाकले आणि त्यांच्या स्वयंसेवकांकडून लेबले सोलून घेतली. दहा लाखांच्या वर मैल एकाच खात्यात गेल्यामुळे अमेरिकनने त्याला जन्मभराचा गोल्ड दर्जा दिला. तो बिचारा दर्जासाठी नव्हे, बायकामुलांना हिंडवण्यासाठी धडपडला होता. दर्जा त्याच्या मागून घरी आला. असा आला तर कुणी नाही म्हणू नये.

आणि मागून येतोच, काहींना. ज्याची कचेरी पंधरवड्याला पुण्याहून दिल्लीला धाडते आणि तिकीटही काढते, त्याला रुपेरी कार्ड आपोआप मिळेल. त्याने ते खुशाल वापरावे. परदेशी शिकणाऱ्या मुलीकडे निघालेल्या आईला दहा किलो सामान जास्त नेता आले तर त्यात भाजणी, लोणचे, दिवाळीचा फराळ आणि दोन नऊवाऱ्या जातात, आणि तिथे त्या सामानाची किंमत किलोवर मोजत नाहीत. अशा माउलीला ती सवलत सहज मिळत असेल तर मी एका शब्दाने विरोध करणार नाही. तिने फक्त एवढे पाहावे की तेवढे जादा सामान तिकिटासोबत आधीच विकत घेतले तर काय पडते. पुष्कळदा ते विमानतळावर भरण्यापेक्षा स्वस्त पडते.

आणखी एक गोष्ट बदलली आहे, ती जुन्या हिशेबाने चालणाऱ्यांना ठाऊक नसते. पूर्वी किती लांब उडालात ते मोजत. आता किती पैसे दिलेत ते मोजतात. अमेरिकेतल्या डेल्टा आणि युनायटेडने मैल देण्याची ही रीत २०१५ साली धरली, एअर इंडियाने २०२४ च्या एप्रिलमध्ये. त्यामुळे चतुराईने स्वस्तातले लांबचे तिकीट शोधणाऱ्या आपल्यासारख्यांची पंचाईत झाली. जो जितका काटकसरी, तितका तो आता कमी निष्ठावान ठरतो! यात कंपन्यांचे चुकले असे नाही. त्यांना ठाऊक आहे की या योजनेत विमानापेक्षा जास्त पैसा आहे. बँका त्यांच्याकडून पॉइंट ठोक भावाने विकत घेतात आणि आपल्याला कार्डावर वाटतात. २०२० साली महामारीत विमाने जमिनीवर बसली तेव्हा युनायटेडने आपली ही योजनाच तारण ठेवून पाच अब्ज डॉलरचे कर्ज उभारायचे ठरवले. त्या वेळी योजनेची किंमत बावीस अब्जांच्या आसपास धरली गेली. बाजारात शेअरांच्या भावाने साऱ्या कंपनीची किंमतही तेव्हा तेवढी नव्हती. म्हणजे गुळाचा खडा दुकानापेक्षा महाग!

दर्जा म्हणजे काही भविष्यनिर्वाह निधी नव्हे, हे आपल्या देशाइतके कुणी पाहिले नसेल. किंगफिशरची विमाने २०१२ च्या ऑक्टोबरात थांबली आणि ‘किंग क्लब’चे राजे रस्त्यावर आले. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचे शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईला आले. जेटची सभासद योजना स्वतंत्र कंपनीची होती म्हणून लोकांचे पॉइंट ‘इंटरमाइल्स’ या नव्या नावाने वाचले. पण रुपेरी, सोनेरी, प्लॅटिनम हे मान? ज्या विमानात आधी चढायचे ते विमानच उरले नाही. २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट थांबली. विस्ताराचे तसे झाले नाही, तिचे लग्न लागले : २०२४ च्या नोव्हेंबरात ती एअर इंडियात विलीन झाली आणि तिचे सभासद ‘महाराजा क्लब’ या नव्या नावाच्या योजनेत आले. महाराजा मात्र जुनाच; बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ साली घडवलेला, कमरेत वाकून नमस्कार करणारा. त्या काळी तो प्रत्येकाला नमस्कार करी, कार्ड न पाहता.

काही वाचकांनी विचारले आहे की मग सभासद व्हावे की होऊच नये. जरूर व्हावे. साध्या सभासदत्वाला पैसा पडत नाही. नाव पारपत्रावर आहे तसेच लिहावे, नाहीतर पुढे पॉइंट जमा करताना कटकट होते. ज्या कंपनीने जाल तिचा नंबर तिकीट काढतानाच घालावा. चार कंपन्यांचे चार नंबर एका वहीत लिहून ठेवले तरी चालतात. पॉइंट किती दिवसांनी बाद होतात ते वर्षातून एकदा पाहावे. काही योजनांत घरातल्या सगळ्यांचे पॉइंट एकत्र करता येतात, ती सोय घ्यावी. पाच जणांचे थोडे थोडे मिळून आजीचे एक तिकीट निघू शकते.

साडूभाऊंचे कार्ड गेल्या मार्चमध्ये संपले. नात आता पावले टाकू लागली आहे. गेल्या महिन्यात ते सकाळच्या पहिल्या थेट विमानाने गेले, शेवटून तिसऱ्या रांगेत, मधल्या बैठकीवर. साडेनऊला ते पोचले तेव्हा ती नुकतीच उठत होती.